आमदारांच्या कार्य अहवालात "माजी सैनिक, दरडग्रस्त गावं, सरकारवर अंकुश" असं लिहिलंय. खरंच काम झालंय का, हे तपासायचं कसं?

डोंगरपायथा

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितेय पण शेवटपर्यंत वाचा.

आमचं गाव डोंगराच्या अगदी पोटाशी आहे, शंभर-सव्वाशे उंबरा, आणि बहुतेक घरांतनं कोणी ना कोणी मिलिटरीत होतं किंवा आत्ता आहे. माझे सासरे सुभेदार म्हणून रिटायर झाले. मागच्या आठवड्यात आमदारांच्या ऑफिसातनं कार्य अहवाल घरोघरी वाटला, चांगल्या कागदाचा, रंगीत. त्यात तीन मोठी प्रकरणं आहेत, माजी सैनिकांसाठी काय केलं, आपत्ती सुरक्षेसाठी काय केलं आणि सरकारवर अंकुश कसा ठेवला. पानोपानी "प्रश्न मांडला", "आवाज उठवला", "निवेदन दिलं". त्यापुढे काय झालं ते कुठेच नाही.

पुढच्या रविवारी तालुक्याला माजी सैनिकांचा मेळावा आहे, आमदार येणार आहेत आणि गावातल्या बायकांनी बोलायला मला उभं करायचं ठरवलंय. आमच्यात चार सैनिक विधवा आहेत, त्यातल्या दोघींची पेन्शन अजून नीट लागलेली नाही. आणि दुसरं म्हणजे २०२१ च्या जुलैत आम्ही तीन रात्री शाळेत झोपलो कारण वरच्या रानात जमिनीला भेग पडली होती, हात आत जाईल एवढी. पंचनामा झाला, साहेब लोक येऊन गेले, नंतर त्या भेगेत झाडोरा वाढला आणि विषय संपला. मी दर पावसाळ्यात मुलांचे कपडे एका पिशवीत भरून दाराशी ठेवते, अजूनही.

माणूस वाईट नाहीये, फोन उचलतात, मयताला येतात. पण आमदाराचं काम म्हणजे नक्की काय आणि ते झालं की नाही हे माझ्यासारखीनं कसं बघायचं? भांडायला जायचं नाहीये, नेमकं विचारायचंय. जाणकारांनी सांगा.

---

तोफखाना_१९८६

जय हिंद ताई. मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, आता तालुक्यातल्या आमच्या लोकांचे कागद भरून देतो, त्यामुळे माजी सैनिकांचं तेवढं सांगतो, बाकीचं दुसरे सांगतील.

पहिली गोष्ट ही ध्यानात घ्या की पेन्शन आमदाराच्या हातात नाही. ते सगळं केंद्राचं, संरक्षण मंत्रालय, प्रयागराजचं पेन्शन ऑफिस, आता स्पर्श ही ऑनलाइन पेन्शन यंत्रणा. वन रँक वन पेन्शन, म्हणजे एकच पद आणि तेवढीच नोकरी असेल तर पेन्शन सारखी, ती आमदारानं मिळवून दिली असं कोणी स्टेजवर म्हणालं तर ते खरं नाही. ती मिळाली कशी तर माजी सैनिक वर्षानुवर्षं भांडले, त्यातल्या काहींनी राज्यसभेकडे रीतसर विनंती अर्ज केला, तो विनंती अर्ज समितीकडे गेला, भगतसिंग कोश्यारी अध्यक्ष होते, हेच पुढे आपले राज्यपाल झाले. त्या समितीनं मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रशासकीय अडचणी काय, पैशाच्या अडचणी काय, कायद्याच्या काय असं एकेक विचारलं आणि डिसेंबर २०११ च्या अहवालात लिहून दिलं की ही मागणी रास्त आहे. सरकारनं घोषणा केली ५ सप्टेंबर २०१५ ला, लागू धरली १ जुलै २०१४ पासून. त्यानंतरही सुप्रीम कोर्टात जावं लागलंच, मार्च २०२२ चा निकाल आहे, दर पाच वर्षांनी पेन्शन नव्यानं ठरवायची ती १ जुलै २०१९ पासून करा म्हणून. म्हणजे एका अर्जापासून हातात पैसे येईपर्यंत किती वर्षं गेली बघा. पण तो समितीचा अहवाल कागदावर होता म्हणून पुढे प्रत्येकाला धरायला काहीतरी होतं, मी त्या अहवालाची झेरॉक्स अजून जपून ठेवलीय.

आता आमदाराच्या हातात काय आहे ते सांगतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय राज्य सरकारचं आहे. तिथं जागा किती, भरलेल्या किती, कल्याण संघटक तालुक्याला महिन्यातनं किती वेळा येतो, हे आमदार विचारू शकतो आणि सरकारला उत्तर द्यावंच लागतं. गट क आणि ड च्या सरकारी भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक जातीच्या प्रवर्गातच त्यांच्यासाठी ठेवलेला वाटा, त्यातल्या किती जागा खरंच माजी सैनिकांनी भरल्या आणि किती उमेदवार नाही म्हणून दुसरीकडे वळवल्या, हा एक प्रश्न सभागृहात नीट विचारला तरी शंभर पोरांचं भलं होईल, कारण आपली पोरं पस्तीस-अडतीसला घरी येतात, पुढं सगळं आयुष्य पडलेलं असतं. घरपट्टी माफीचा निर्णय २०२० चा आहे, बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाची योजना, माजी सैनिक आणि सैनिक विधवांसाठी. तुमच्या चार बहिणींना ती मिळते का? आमच्या इथं एका ग्रामपंचायतीत विचारलं तर आदेशच आला नाही म्हणाले, मी प्रिंट काढून नेऊन दिली तेव्हा झालं.

आणि त्या दोघींच्या पेन्शनचं म्हणाल तर पहिल्यांदा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढून बघा, नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख आधारशी जुळते का. दहातली सात प्रकरणं तिथंच अडकलेली असतात. लग्नाची नोंद पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे सैनिकाच्या घरच्या नोंदींच्या लष्करी आदेशात, झालेली नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला जावंच लागतं, जिल्हा सैनिक कल्याणमार्फत पाठवा, साध्या पोस्टानं नको. मागच्या वर्षी एका वहिनीचं असंच होतं, कागदावर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, नवरा जाऊन अकरा महिने झाले तरी रुपया नाही आणि ती माउली लोकांच्या रानात भांगलायला जात होती. शेवटी सगळे कागद एका फाइलीत लावून आम्ही दोघं-तिघं सोबत गेलो तेव्हा हललं. त्यांचे कागद मला दाखवा, मी करतो ते काम, त्यासाठी मेळाव्याची वाट बघू नका.

---

विधानभवन_बाक

मी काही वर्षं एका आमदारांकडे स्वीय सहायक होतो, आता नाही. कोणत्या पक्षाचे ते सांगत नाही, गरज पण नाही.

ताई, "प्रश्न मांडला" हे वाक्य वाचलं की लगेच विचारायचं, कोणत्या आयुधानं, म्हणजे सभागृहाच्या कोणत्या मार्गानं, मांडला? कारण सभागृहात मांडण्याचे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं वजन वेगळं आहे. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, अतारांकितला नुसतं लेखी उत्तर येतं. लक्षवेधीला मंत्री निवेदन करतो, त्यावर चर्चा होते, तिथं आमदाराची तयारी असली तर मंत्र्याला हो म्हणावंच लागतं. औचित्याचा मुद्दा म्हणजे उभं राहून सांगितलं आणि बसले, त्यावर सरकारनं तिथल्या तिथं उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. आणि मंत्र्याला निवेदन देतानाचा फोटो हा सभागृहाच्या कामात धरतच नाहीत, त्याची नोंद कुठेच होत नाही.

आता खरं सांगतो, आम्ही रात्र-रात्र बसून प्रश्न लिहायचो, लॉटरीत नंबर लागायचा, उत्तर यायचं "होय, हे खरे आहे. कार्यवाही सुरू आहे". आणि तिथं बरेच जण थांबतात. कारण पेपरात बातमी आली, अहवालात छापायला ओळ मिळाली. पण मंत्री सभागृहात "तीन महिन्यांत करू" किंवा "तपासून घेऊ" म्हणाला की ते आश्वासन होतं, आणि त्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे, ती सचिवांना बोलावून विचारते की सभागृहाला शब्द दिला होता त्याचं काय केलंत. तुमच्या आमदारांनी दरडीचा प्रश्न मांडला तेव्हा मंत्र्यांनी काय आश्वासन दिलं आणि ते पूर्ण झालं का, हा एवढा एक प्रश्न रविवारी विचारलात तरी पुरे आहे. सभागृहातलं प्रत्येक वाक्य कार्यवाहीत छापलेलं असतं, तारीख घेतली की विधिमंडळाच्या वेबसाइटवर शोधता येतं.

अंकुशाचं म्हणाल तर त्याची जागा मुख्यतः समित्यांमध्ये आहे, भाषणांमध्ये कमी. लोकलेखा समिती कॅगचे, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे, अहवाल घेऊन बसते, पंचायत राज समिती जिल्हा परिषदांमध्ये जाऊन दप्तर तपासते, तसंच अंदाज समिती, सार्वजनिक उपक्रम समिती. तिथं कॅमेरा नसतो म्हणून लोकांना दिसत नाही आणि म्हणून काही सदस्य बैठकीला जात पण नाहीत. तुमचे आमदार कोणत्या समितीवर आहेत हे अहवालात लिहिलंय का बघा.

एक उदाहरण मला फार आवडतं. मेजर जनरल भुवनचंद्र खंडूरी, माजी सैनिक, खासदार, संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष. सत्ताधारी पक्षाचेच होते. तरी २०१८ च्या अहवालात त्यांच्या समितीनं स्वच्छ लिहिलं की लष्कराकडची ६८ टक्के सामग्री जुन्या वर्गातली आहे आणि दिलेला पैसा पुरत नाही. लष्कराच्या उपप्रमुखांनीच समितीपुढे तशी साक्ष दिली होती. त्याच वर्षी त्यांचं अध्यक्षपद गेलं. पण तो अहवाल कोणाला पुसता आला नाही. सैनिकासाठी काम करणं म्हणजे मला तरी हे वाटतं, सत्कारात शाल देण्यापेक्षा कितीतरी मोठं.

---

भूगोलवाले_सर

दरडीबद्दल मी लिहितो. शाळेत भूगोल शिकवतो आणि माळीण गाव दरडीखाली गेल्यानंतर आमचा एक ग्रुप पावसाळ्याआधी गावोगाव जाऊन लोकांना भेगा, झरे, वाकलेली झाडं कशी बघायची ते सांगतो.

ताई तुमची भेगेची गोष्ट वाचून पोटात गोळा आला. ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं कसं, तर सकाळची एसटी घेऊन आलेल्या ड्रायव्हरला गावच दिसेना. १५१ माणसं. त्यानंतर किती बैठका, किती याद्या. मग २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. मुंबईत पावसाळी अधिवेशन चालू होतं तेव्हा, दुसऱ्या दिवशी सभागृहात सरकारकडून सांगण्यात आलं की ही वाडी संभाव्य दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चौथ्या दिवशी शोध थांबवला. वर मशीन जायला रस्ता नव्हता, माणसं कुदळ-फावडं घेऊन चढत होती.

मला त्या यादीचंच सगळ्यात जास्त लागतं. यादीत नाव नाही म्हणजे पावसाळ्याआधी तपासणी नाही, स्थलांतराचा आराखडा नाही, पुनर्वसनाचा प्रस्ताव नाही. म्हणून तुमचा पहिला प्रश्न हा असायला हवा, आमचं गाव यादीत आहे का, आणि नसेल तर कोणी, कधी, कशाच्या आधारावर बघून नाही म्हटलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसं प्रत्यक्ष येऊन गेली का की टेबलावर बसून नकाशा बघितला. २०२१ च्या पंचनाम्याची प्रत मागा, माहितीच्या अधिकारात मिळेल.

दुसरं पैशाचं. आपत्तीचा पैसा म्हणजे माणूस गेल्यावर द्यायची मदत असंच लोकांना वाटतं. पण पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या हिशोबात राज्याच्या आपत्ती निधीतला २० टक्के भाग सौम्यीकरणाला होता, म्हणजे संकट यायच्या आधी खर्च करायला. उतारावरचं पाणी वळवणं, चर खणणं, संरक्षक भिंत, सूचना यंत्रणा असल्या कामांना. आमदारांना विचारा या निधीतनं आपल्या तालुक्यात कोणतं काम मंजूर झालं. एक पण नसेल तर मागितलं होतं का?

तिसरं म्हणजे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण. २००५ च्या कायद्यानं कलेक्टर अध्यक्ष आणि जिल्हा परिषद अध्यक्ष सहअध्यक्ष. आमदाराला त्यात आपोआप जागा नाही. आणि २०२२ नंतर बऱ्याच जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासक राहिले, म्हणजे कायद्यानं लोकांचा माणूस जिथं बसायचा ती एकच खुर्ची रिकामी. अशा वेळी आमदारानं त्या बैठकांची इतिवृत्तं मागवून वाचायला हवीत, बाकी कोण विचारणार? उत्तराखंडचं उदाहरण घ्या. एप्रिल २०१३ मध्ये कॅगचा आपत्ती सज्जतेवरचा अहवाल संसदेत आला, त्यात लिहिलं होतं की उत्तराखंडच्या राज्य प्राधिकरणाची स्थापना झाल्यापासून बैठकच झालेली नाही. स्थापना २००७ ची. आणि जूनमध्ये केदारनाथचा प्रलय झाला. दोन महिने. अहवाल हातात होता, तो घेऊन कोणी सभागृह डोक्यावर घेतलं असतं तर ढग फुटायचा थांबला नसता पण निदान खाली उतरायचे रस्ते, फोन, इशारे याचं काहीतरी झालं असतं असं मला दरवेळी वाटत राहतं.

पुनर्वसन झालं तरी बघत राहायला लागतं हे पण सांगून ठेवतो. माळीणच्या लोकांना नवीन घरं एप्रिल २०१७ ला मिळाली आणि पहिल्याच पावसात तिथल्या रस्त्याला भेगा पडल्या, जमीन खचली. ज्यांनी एकदा सगळं गमावलं त्यांच्या दारात परत भेग. त्यांना काय वाटलं असेल.

---

कोयनाकाठ

सगळं वाचलं, पटलं पण एक बोलू का. आमदार मयताला येतो, लग्नाला येतो, बदली करून देतो, हॉस्पिटलात बेड मिळवून देतो म्हणून आपण त्याला मत देतो. लोकलेखा समितीच्या बैठकीला गेला म्हणून कोणी मत दिलंय का आजपर्यंत? मी नाही दिलं. आमच्या आधीचे आमदार अभ्यासू होते, अधिवेशनात पूर्ण वेळ बसायचे, लोक म्हणायचे हा माणूस भेटतच नाही आणि पडले ते. मग पुढचा माणूस काय शिकणार त्यातनं. ताई तुम्ही एकट्या विचारणार आणि बाकीचे रस्ता-गटार मागणार, तर त्यांच्या लक्षात रस्ताच राहील. निदान पाच-सहा जणांनी मिळून हेच विचारा.

---

विधानभवन_बाक

कोयनाकाठ दादा, बरोबर आहे तुमचं, मी ते जवळून बघितलंय. सकाळी आठला ऑफिस उघडलं की चाळीस माणसं, प्रत्येकाचं काम खरं, कोणाला नाही म्हणणार. त्यात अभ्यासाचा वेळ जातो. पण आपल्याच राज्यातलं एक नाव घेतो, वि. स. पागे. सांगलीकडचे, विधान परिषदेचे अठरा वर्षं सभापती. रोजगार हमीची कल्पना त्यांची, ७२ च्या दुष्काळात तिनं लाखो लोकांना हाताला काम दिलं आणि १९७७ ला तिचा कायदा झाला. त्यासाठी पैसा कुठनं आणायचा तर व्यवसाय कर, तो पण त्याच सुमाराला बसवला. म्हणजे नुसती मागणी करून थांबले नाहीत, काम कसं द्यायचं, पैसा कुठनं यायचा, कायदा काय हवा इथपर्यंत गोष्ट गेली. दुष्काळ पण आपत्तीच होती की. आणि विधिमंडळाची एक समिती खास या योजनेवर लक्ष ठेवायला बसवली, ती अजून आहे.

आणि ताई, अजून एक वाट आहे, तोफखानावाल्या काकांनी राज्यसभेचं सांगितलं तसंच. आपल्या विधिमंडळात पण विनंती अर्ज समिती आहे. गावानं सह्या करून अर्ज तयार करायचा, आमदारांनी तो सभागृहात सादर करायचा. मेळाव्यात नुसतं निवेदन देऊ नका, हा अर्ज तुम्ही सादर कराल का असं विचारा. हो किंवा नाही, एवढंच उत्तर येऊ शकतं त्याला.

---

डोंगरपायथा

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. काल रात्री सासऱ्यांना सगळा धागा वाचून दाखवला. ते फार बोलत नाहीत. कोश्यारी समितीचं आलं तेव्हा म्हणाले परत वाच.

काका, दोघींचे पीपीओ काढले. एकीचं जन्मसाल चुकलंय, आधारवर एक आणि पीपीओवर दुसरं. दुसरीचं लग्न नोंदलेलंच नाहीये, नवरा सुट्टीवर आला आणि लग्न करून परत गेला, कागद करायचे राहून गेले. तुम्ही म्हणालात तशी फाइल लावतेय, येत्या आठवड्यात घेऊन येते तुमच्याकडे, कुठं यायचं ते मेसेजवर कळवा.

घरपट्टीचं ग्रामसेवकांना विचारलं, चौघींपैकी एकीलाच माफी लागलीय. बाकीच्या तिघींनी आज अर्ज दिले आणि पोच घेतली.

सर, पंचनाम्याच्या प्रतीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज तयार केलाय. आणि काल मी, माझी जाऊ आणि दोन पोरं वर जाऊन भेग बघून आलो. झाडोरा काढला. बुजलेली नाही, खालच्या अंगाला अजून एक बारकी दिसतेय, साधारण वीसेक पावलांवर. फोटो काढलेत, पट्टी शेजारी ठेवून. ते कसे बघायचे आणि कोणाला पाठवायचे सांगा.

विनंती अर्जावर आतापर्यंत एकसष्ट सह्या झाल्यात. वरच्या आळीची घरं उरलीत, ती उद्या करते.

---

भूगोलवाले_सर

ताई फोटो आजच पाठवा, तारखेसकट. दोन्ही भेगांच्या दोन्ही बाजूंना लाकडी खुंट्या ठोका आणि त्यांच्यातलं अंतर दर आठवड्याला मोजून वहीत लिहा, पावसात दर दिवशी. ती वही रविवारी सोबत न्या. खालची भेग नवीन असेल तर रविवारपर्यंत थांबू नका, तहसीलदारांना उद्याच लेखी द्या आणि पोच घ्या. मी शनिवारी येतो गावात, दोघं-तिघं घेऊन.